गॅस, वास आणि वाल: व्हेज-नॉनव्हेजचा पोटातला हिशोब

हा आमच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय ना' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

[००:००] आधी इअरफोन घाला

हा भाग घरच्या स्पीकरवर लावला असेल तर एक मिनिट थांबा, इअरफोन घाला, मग पुढे ऐका. कारण आजचा विषय आहे पाद. हो, तोच. आजी त्याला 'वारा सरणं' म्हणते, वैद्य 'अपान वायू' म्हणतात, आणि ऑफिसात आपण 'जरा गॅसेस झालेत' म्हणून वेळ मारून नेतो.

प्रश्न सोपा आहे. शाकाहारी जेवणाने पोटातल्या गॅसला जास्त वास येतो की मांसाहारी जेवणाने? या प्रश्नावर प्रत्येक ग्रुपमध्ये दोन पार्ट्या असतात. एक म्हणते, 'मटण खाणाऱ्यांच्या जवळ बसवत नाही.' दुसरी म्हणते, 'तुमची ती वालाची उसळ खाऊन बघा, घर सोडावं लागेल.' गंमत अशी की दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, आणि दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण सिस्टीममध्ये काही बिघडलं की भांडायच्या आधी लॉग बघायचे, एवढी सवय कामाने लावलीये. तर आज पोटाचे लॉग बघू.

[०१:५०] किती आणि कसा, हे दोन वेगळे प्रश्न

गॅस किती झाला हा एक प्रश्न. त्याला वास किती आला हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र करतो आणि तिथेच सगळा गोंधळ होतो.

आधी 'किती'. १९९१ साली 'गट' नावाच्या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात एक अभ्यास आला. दहा निरोगी माणसांनी रोजचं जेवण घेतलं, वर २०० ग्रॅम शिजवलेल्या बीन्स खाल्ल्या, आणि २४ तासांचा गॅस मोजला गेला. सगळ्यात कमी आला ४७६ मिलीलीटर आणि सगळ्यात जास्त १४९१. मधला आकडा ७०५. म्हणजे पाण्याच्या लहान बाटलीपासून दीड लिटरच्या बाटलीपर्यंत. आणि हो, बायका आणि पुरुष, दोघांचं प्रमाण सारखंच होतं. नंतर याच प्रकारे फायबर अजिबात नसलेला आहार देऊन बघितला, तर मधला आकडा २१४ वर आला. बीन्स आणि फायबर गेले, तर गॅस साधारण तीन हिश्श्यांतला एकच उरला.

आता 'कसा'. या गॅसचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग पाच वायूंचा असतो: नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काही लोकांत मिथेन. या पाचांपैकी एकालाही वास नाही. जो काही धुमाकूळ घातला जातो तो उरलेल्या एक टक्क्याहूनही कमी भागाने.

त्या भागात कोण आहे, हे अमेरिकेतले डॉ. मायकेल लेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शोधलं. सोळा निरोगी लोकांचे नमुने घेतले, आणि दोन माणसांना ते हुंगून मार्क द्यायला बसवलं. तुमची नोकरी वाईट वाटत असेल तर या दोघांना आठवा. निष्कर्ष असा की वास मुख्यतः गंधक असलेल्या वायूंचा असतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा हायड्रोजन सल्फाइड. सडलेल्या अंड्याचा वास म्हणतो ना, तोच हा. त्यांनी नमुन्यांमधून गंधकाचे वायू जस्ताच्या क्षाराने बांधून काढले, तर वास बराच उतरला. पूर्ण गेला नाही, कारण बाकीही काही मंडळी असतात, पण बराच उतरला.

आपलं नाक हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत इतकं तिखट आहे की हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ओळखतं. त्यामुळे एक लिटर बिनवासाचा गॅस कोणाला कळत नाही, आणि गंधकवाला चमचाभर गॅस अख्खी खोली रिकामी करतो. आवाज जास्त म्हणजे वास जास्त, हे गणित म्हणूनच जुळत नाही.

[०४:४०] माथेरानच्या रस्त्यावरचा प्रयोग

आता तुम्हाला माथेरानला नेतो. कर्जत तालुक्यातलं आपलं लाडकं थंड हवेचं ठिकाण. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने. ही छोटी गाडी नेरळहून १९०७ पासून धावतेय. गावात खाजगी मोटारींना बंदी, २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. त्यामुळे हवेत धूर नाही आणि नाकाला सगळं स्वच्छ कळतं. आणि नाकाला पहिली कळते ती घोड्याची लीद.

कधी लक्ष दिलंय का? लाल मातीच्या रस्त्यावर जागोजाग लीद पडलेली असते, आणि तरी माणसं त्याच्या बाजूने गप्पा मारत, मक्याचं कणीस खात जातात. कोणी नाकाला रुमाल लावत नाही. ओल्या गवतासारखा, थोडा आंबूस वास. तिथेच एखाद्या कुत्र्याने घाण केलेली असू द्या. दहा फुटांवरून लोक रस्ता बदलतात. आकाराने लीद किती मोठी आणि ती किती छोटी!

घोडा दिवसभर गवत, कोंडा, हरभरा खातो. गवताचा कडक भाग त्याच्या लहान आतड्यात पचत नाही. पुढे त्याचं भलंमोठं मोठं आतडं असतं, तिथे जिवाणू तो भाग आंबवतात. इडलीचं पीठ फुगतं तसंच काहीसं. गॅस भरपूर होतो, पण कच्चा माल म्हणजे कर्बोदकं, ज्यात गंधक जवळपास नसतं. कुत्र्याच्या खाण्यात प्रथिनं आणि मांस जास्त, फायबर कमी. तिथे जिवाणूंच्या वाट्याला प्रथिनांचे तुकडे येतात, आणि प्रथिनांत गंधक असतं, नायट्रोजन असतं. त्यातून वासाची पदार्थमाला तयार होते.

एक स्पष्ट करतो. घोड्यांच्या तळाजवळ डोळ्यांत झोंबणारा जो वास येतो तो लिदीचा नव्हे. तो लघवीतल्या युरियापासून बनणाऱ्या अमोनियाचा. आणि घोड्याचं आतडं, कुत्र्याचं आतडं आणि माणसाचं आतडं यांत खूप फरक आहे, त्यामुळे घोड्यावरून थेट आपल्याबद्दल निकाल लावायचा नाही. पण तत्त्व लक्षात ठेवा: जिवाणूंना कर्बोदकं दिली तर गॅस मिळतो, गंधकवाली प्रथिनं दिली तर वास मिळतो.

[०७:००] पोपटी: एका मडक्यात दोन्ही पार्ट्या

आता माथेरानवरून खाली उतरा. डिसेंबर-जानेवारीत रायगडात कुठेही संध्याकाळी गेलात तर शेताच्या कडेला जाळ दिसेल. पोपटी लागलीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या ताज्या शेंगा, मीठ, ओवा, मधे मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासात तयार. शाकाहारी मंडळी फक्त शेंगा-बटाट्याची लावतात.

आपल्या विषयासाठी याहून चांगला पदार्थ नाही. 'किती' वाला आणि 'कसा' वाला, दोघेही एकाच मडक्यात.

आधी वाल. सगळ्या कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या साखरा असतात. त्या तोडायला जो एन्झाइम लागतो तो माणसाच्या आतड्यात बनतच नाही. त्यामुळे या साखरा लहान आतड्यातून तशाच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना आयतं जेवण मिळतं. ते खातात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून पोट फुगतं, गुडगुडतं, आवाज येतात. वास मात्र फारसा नसतो.

जेवण मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. रात्री नऊला पोपटी खाल्ली तर खरा कार्यक्रम पहाटे दोन-तीनला. एका खोलीत सहाजण झोपले असतील तर साक्षीदार भरपूर.

[०९:००] मग गंधक येतं कुठून?

आता मडक्यातलं चिकन आणि अंडी. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतल्या दोघांत गंधक असतं: सिस्टीन आणि मेथिओनीन. मांस, अंडी, मासे, दूध या सगळ्यांत ती चांगल्या प्रमाणात असतात. बहुतेक प्रथिनं लहान आतड्यातच पचून रक्तात जातात. पण एका बैठकीत खूप खाल्लं की थोडा भाग पुढे निसटतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं गंधक सोडवतात आणि हायड्रोजन सल्फाइड बनतो.

हे किती फरकाने होतं? २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक छोटा पण काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच निरोगी पुरुषांना संशोधन केंद्रातच ठेवलं. पाच वेगवेगळे आहार, प्रत्येक दहा दिवस. एका टोकाला शून्य मांस, दुसऱ्या टोकाला रोज ६०० ग्रॅम मांस. मग शौचातलं सल्फाइड मोजलं. शून्य मांसाला किलोमागे ०.२२ मिलिमोल, ६०० ग्रॅमला ३.३८. म्हणजे सुमारे १५ पट. मांस वाढत गेलं तसं सल्फाइडही वाढत गेलं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. एक, रोज ६०० ग्रॅम मांस म्हणजे आपल्याकडच्या घरात चारजणांच्या रविवारच्या रश्श्याएवढं, तेही रोज एकट्याने. दोन, मोजलं ते सल्फाइड, कोणी हुंगलं नव्हतं. त्यामुळे 'नॉनव्हेजला १५ पट वास' असं रील बनवून फिरवू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

जिवाणूही आपल्या ताटाप्रमाणे बदलतात, आणि फार पटकन बदलतात. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात काही लोकांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज दिलं, आणि वेगळ्या पाच दिवसांत फक्त धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं. अन्न मोठ्या आतड्यात पोचल्यावर एका दिवसातच जिवाणूंची वस्ती बदलायला लागली. मांसाच्या आहारावर 'बायलोफिला' नावाचा जिवाणू वाढला. हा भाऊ हायड्रोजन सल्फाइड बनवण्यात पटाईत आहे. त्या लोकांत एक जन्मापासून शाकाहारी माणूसही होता, आणि त्याच्याही पोटातली वस्ती बदलली. म्हणजे कोणाचं पोट जन्मजात 'व्हेज' किंवा 'नॉनव्हेज' नसतं. या आठवड्यात काय खाल्लं त्याचा हा हिशोब असतो.

[११:५०] व्हेजवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत

कारण गंधक फक्त मांसात नसतं. मुळा घ्या. मुळ्याची कोशिंबीर खाऊन मीटिंगला गेलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. मुळा, कोबी, फ्लॉवर, मोहरी ही सगळी एकाच कुळातली, आणि या कुळात गंधकाची संयुगं ठासून भरलेली. कोबी जास्त शिजवला की स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो तोच. कांदा आणि लसूण यांचाही झणझणीतपणा गंधकाचाच. अगदी हिंगाचा वाससुद्धा गंधकाच्या संयुगांचा.

कर्जत स्टेशनवर उतरून जो वडापाव आपण हाणतो, त्याचंच बघा. बेसन म्हणजे हरभरा, तो गॅस वाढवणार. लसणाची सुकी चटणी गंधक पुरवणार. मांसाचा एक कण नाही, आणि तरी दोन्ही खाती भरली.

त्यात जिमवाल्या मंडळींचं वेगळंच. व्हे प्रोटीन दुधापासून बनतं, म्हणजे कागदावर शाकाहारी. पण त्यात गंधकवाली अमिनो आम्लं भरपूर, आणि साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोजही राहते. आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना लॅक्टोजने गॅस होतो, प्रोटीनने वास येतो. दोन स्कूप घेऊन भाज्या सोडणारा 'प्युअर व्हेज' माणूस रविवारी मटण खाणाऱ्यापेक्षा भारी पडू शकतो.

[१३:२०] वास आणि माणूस

आता हा विषय मी का घेतला ते सांगतो. गेल्या थंडीत आमचा ग्रुप नेरळजवळ पोपटी करून दुसऱ्या दिवशी माथेरानला चढला. सहाजण, एक मोठी खोली. रात्री जे व्हायचं ते झालं आणि हसून हसून पोट दुखलं. मग एकजण म्हणाला, 'पुढच्या वेळी नॉनव्हेजवाल्यांना वेगळी खोली.' सगळे हसले. आमचा अलिबागकडचा मित्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी चालताना तो बोलला. त्याच्या डब्यात सुकट किंवा बोंबील असला की ऑफिसच्या पॅन्ट्रीत माणसं टेबल बदलायची. त्याने डब्यात मासे आणणंच बंद केलं. भाड्याचं घर बघताना 'नॉनव्हेज चालणार नाही' हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलंय की आता तोच ब्रोकरला फोनवर पहिलं हे विचारतो. तो म्हणाला, 'तुमच्यासाठी जोक आहे रे. मला घर मिळत नाही.'

मुंबई, ठाणे, पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्या अनेकांना हे नवीन नाही. आपल्याकडे 'वास येतो' हे वाक्य साधं नसतं. कोण काय खातं यावरून जात, धर्म, गाव ओळखण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे, आणि नाक मुरडणं हा त्याचाच सभ्य दिसणारा प्रकार.

म्हणून विज्ञान नीट समजून घ्या. सुक्या माशाचा स्वयंपाकघरातला वास हा मुख्यतः अमाइन नावाच्या संयुगांचा असतो, आणि पोटातल्या गॅसचा वास गंधकाचा. दोन वेगळ्या गोष्टी. बोंबील भाजताना घरभर वास सुटला म्हणजे तो खाणाऱ्याच्या पोटातून तसाच वास येतो, असं होत नाही. आणि मोजून बघितलं तर पोटातला वास ताटातल्या प्रमाणावर ठरतो. तो माणसाच्या स्वच्छतेचं, संस्काराचं किंवा आडनावाचं सर्टिफिकेट नसतो.

दुसरी बाजूही आहे. माझ्या ओळखीतली एक ताई पीजीमध्ये राहते, चौघींची खोली. लाज वाटते म्हणून तिने उसळ, राजमा, छोले सगळं सोडलं. ती शाकाहारी. म्हणजे तिच्या जेवणातलं प्रथिनांचं आणि फायबरचं मुख्य दुकानच बंद. लाजेपोटी आपण असे सौदे करतो, आणि त्यात तोटा आपलाच होतो.

[१६:००] माथेरानला गेल्यावर गॅस जास्त होतो का?

हा प्रश्न त्या ट्रिपमध्येच आला, म्हणून पटकन उत्तर देतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बंद जागेतला वायू फुगतो. नेरळला घेतलेलं वेफर्सचं पाकीट माथेरानला टम्म दिसतं ते यामुळे. पोटातही तेच होतं. याला डॉक्टरांनी १९८१ मध्ये एका लेखात चक्क नाव दिलं, 'हाय अल्टिट्यूड फ्लॅटस एक्सपल्शन'. पण ते ११ हजार फुटांवर चढणाऱ्या गिर्यारोहकांबद्दल होतं.

माथेरान साधारण ८०० मीटरवर. नेरळपासून तिथवर दाबातला फरक धरला तर वायू सुमारे ९ टक्के फुगतो. पोटात एका वेळी २०० मिलीलीटर गॅस आहे असं धरा, तर वाढ १८ मिलीलीटर. चहाचे साडेतीन चमचे. आणि वासात बदल शून्य. त्यामुळे माथेरानच्या हवेला दोष देऊ नका, दोष आदल्या रात्रीच्या मडक्याचा.

[१७:००] मग करायचं काय?

आता कामाचं बोलू. इथे एक छान गोष्ट आहे. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंसमोर कर्बोदकं आणि प्रथिनं दोन्ही असतील तर ते साधारणपणे आधी कर्बोदकांवर तुटून पडतात. फायबर भरपूर असेल तर प्रथिनं सडवण्याची पाळी कमी येते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी शौचाच्या नमुन्यांत सिस्टीन टाकून बघितलं, तर हायड्रोजन सल्फाइड वाढला. न पचणारा स्टार्च आणि कांदा-गव्हात असतात तसली फ्रुक्टन टाकली, तर तो बराच कमी झाला. हे प्रयोगशाळेतलं आहे, थेट जेवणाच्या ताटातलं नाही, पण वरच्या सगळ्या गोष्टींशी जुळतं.

म्हणजे ज्या फायबरने गॅस वाढतो, तेच वासाला लगाम घालू शकतं. हे कळलं की बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत.

एक. नॉनव्हेज खात असाल तर खुशाल खा, पण ताटात एकटं मांस नको. चिकनसोबत भाकरी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एखादी भाजी. एका रात्रीत अर्धा किलो चिकन आणि बाजूला फक्त चिप्स, ही वासाची पक्की रेसिपी.

दोन. कडधान्यं भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. गॅस करणाऱ्या साखरांचा काही भाग त्या पाण्यात उतरतो. मोड आणले तर अजून कमी होतो, कारण उगवताना बी स्वतःच त्या साखरा वापरतं. आपलं वालाचं बिरडं बघा: रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग फोडणी. किती वेळखाऊ आहे म्हणून आपण कुरकुरतो, पण यातली प्रत्येक पायरी पोटासाठी कामाची आहे. थेट कुकरमध्ये टाकलेले कोरडे वाल आणि नीट केलेलं बिरडं, पोटाला यातला फरक कळतो.

तीन. हळूहळू वाढवा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा एक आढावा आला. लोकांना रोज अर्धा कप कडधान्य काही आठवडे खायला दिलं. पहिल्या आठवड्यात पिंटो किंवा बेक्ड बीन्सने गॅस वाढला असं सांगणारे निम्म्याहून कमी निघाले. चवळी खाणाऱ्यांत तर जेमतेम १९ टक्के. आणि आठवडे गेले तशी तक्रार कमी होत गेली. पोटातले जिवाणू नव्या जेवणाची सवय करून घेतात. त्यामुळे सहा महिन्यांतून एकदा वाटीभर वाल खाण्यापेक्षा रोज थोडं कडधान्य खाणाऱ्याचं पोट शांत असतं. पीजीतल्या ताईला मी हेच सांगितलं: चवळी आणि मुगापासून सुरू कर, अर्धी वाटी, सुट्टीच्या दिवशी. आता ती आठवड्यातून चार दिवस खाते.

चार. व्हे प्रोटीनने त्रास होत असेल तर डोस दोनदा विभागून बघा, लॅक्टोज काढलेला प्रकार बघा, आणि त्या दिवशी भाज्या-फळं सोडू नका.

पाच. महत्त्वाचा इंटरव्ह्यू, पहिली डेट किंवा एसी स्लीपर बसचा प्रवास असेल, तर आदल्या दिवशी मुळा, फ्लॉवर, लसूण आणि अंड्यांचा ढीग टाळा. एवढी सोय करून घ्यायला हरकत नाही. पण कायमचं काही बंद करू नका.

[२०:३०] लाज बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

गॅस होणं आणि त्याला कधीमधी वास येणं ही पोट चालू असल्याची खूण आहे. पण त्यासोबत शौचात रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरायला लागलं, आठवड्यांमागून आठवडे जुलाब किंवा बद्धकोष्ठता राहिली, रात्री पोटदुखीने झोपमोड व्हायला लागली, किंवा शौच तेलकट आणि फार दुर्गंधीचं व्हायला लागलं, तर व्हॉट्सॲपवरचे उपाय करत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा आणि 'गॅस होतो' एवढंच न सांगता नीट सगळं सांगा. ते रोज हेच ऐकतात. त्यांना हसू येत नाही.

[२१:२०] थोडक्यात

गॅसचं प्रमाण बहुतेक वेळा झाडांकडून येतं: वाल, हरभरा, बटाटा, फायबर. वास गंधकाकडून येतो, आणि गंधक मांस-अंड्यांत जास्त असलं तरी मुळ्यात, कोबीत, लसणातही आहे. ताटात दोन्हींचा तोल ठेवला तर पोटही खूश आणि शेजारचाही. आणि कोणाच्या डब्याकडे बघून नाक मुरडायच्या आधी स्वतःच्या आदल्या रात्रीचं ताट आठवा.

तुमच्या घरी वाल, चवळी, मटकी बाधू नये म्हणून काय करतात? ओवा, हिंग, आलं, कोकम, आजीची एखादी खास युक्ती? व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या निवडून पुढच्या भागात ऐकवू. नाव सांगायची लाज वाटत असेल तर नुसतं गावाचं नाव सांगा, चालेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, खात राहा, आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.